लाखोरीची डाळ आणि गावाचे पाय



"लाखोरी खाल्ली की पाय जातात" हे वाक्य आमच्या पूर्व विदर्भात कानावर न पडलेला माणूस विरळाच. आणि गंमत म्हणजे, हे वाक्य ऐकत ऐकतच इथली माणसे लाखोरीचे वरण, लाखोरीचे वडे आणि तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आवडीने खात आली. आता या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? डाळ जर पाय घेते, तर ती खाणारी गावे चालत कशी राहिली? आणि घेत नसेल, तर हे वाक्य आले कुठून? इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असे प्रश्न स्वस्थ बसू देत नाहीत. म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

शहरातल्या मंडळींचा एक समज असतो, की खेड्यातला माणूस म्हणजे आरोग्याचा पुतळा. मोकळी हवा, अंगमेहनत, ताजे अन्न, आणखी काय हवे? पुण्या-मुंबईचे पाहुणे गोंदियाजवळच्या नागऱ्याला शंकराच्या जुन्या देवळाचे दर्शन घ्यायला येतात, भोवतालची धानाची हिरवीगार शेते पाहतात आणि हेच बोलून जातात. त्यांचे चुकते असे नाही. पण लाखोरीची कहाणी सांगते, की मोकळी हवा आणि अंगमेहनत भरपूर असूनही गावाचे पाय जाऊ शकतात. किंबहुना सर्वांत जास्त राबणाऱ्या, तरण्याताठ्या माणसांचेच पाय आधी गेले आहेत.

आधी लाखोरी म्हणजे काय ते पाहू. मराठीत हिला लाख म्हणतात, आमच्याकडे लाखोरी किंवा लाखोळी, छत्तीसगडात तिवरा, उत्तरेकडे खेसारी. शास्त्रीय नाव लॅथायरस सॅटिव्हस. निळसर फुलांचे, वाटाण्याच्या कुळातले हे नाजूक रोप. दाणा कोनाकोनाचा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. ती पेरण्याची आमच्या भागातली रीत मोठी सुंदर आहे. धान कापणीला यायला दहा-पंधरा दिवस असतात, बांधीत अजून ओल असते, तेव्हा उभ्या धानातच लाखोरीचे बी फेकून देतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, वेगळे पाणी नाही. धान कापून नेले की खाली लाखोरीची कोवळी रोपे वर येऊ लागतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर फेब्रुवारी-मार्चपर्यंत पीक हाती येते. जवसही असाच उतेऱ्यावर घेतात. लाखोरीच्या दाण्यात पाव भागाहून अधिक प्रथिने असतात. गरिबाच्या घरी फुकटात चालत आलेली ही डाळच म्हणायची.

आणि हिचा खरा गुण पुढेच आहे. पाऊस दगा देतो, गहू-हरभरा करपतो, तेव्हाही लाखोरी तग धरते. सगळे संपते तेव्हा शेतात ही एकटीच उभी असते. तिचा हाच गुण गरिबाच्या मुळावर कसा आला, ते आता पाहू.

लाखोरीचा दोष काही नव्याने सापडलेला नाही. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्रिपुट नावाच्या कडधान्याने माणूस लंगडा-पांगळा होतो, असे भावमिश्रांनी नोंदवून ठेवले आहे. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये हिचे पीठ पावात घालण्यास मनाई केली होती. स्पेनमध्ये १८११-१२ च्या दुष्काळात माद्रिदचे लोक हिच्याच पिठाच्या लापशीवर जगले. गोया या थोर चित्रकाराने त्याचे एक चित्र काढले आहे. लोक लापशीच्या भांड्याभोवती जमले आहेत आणि पुढे एक बाई जमिनीवर आडवी पडली आहे. तिचे पाय गेले असावेत, असा अर्थ अभ्यासक लावतात. चित्राचे नाव काय, तर लाखोरीचे आभार! जीव वाचवला तिनेच, आणि पाय घेतले तेही तिनेच.

आपल्याकडची सविस्तर नोंद ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नल स्लीमनची आहे. त्याचे पुस्तक १८४४ चे. सागर भागातल्या गावांत १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये पाऊस कमी पडला, १८३१ मध्ये रोगाने पीक खाल्ले. तीन वर्षे ओळीने! शेतात उरली ती तिवरा. लोक तिच्यावर जगले आणि १८३३ पासून तिशीच्या आतल्या माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठतो तो पाय लटपटतच.

मग आले १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन मोठे दुष्काळ. त्या वेळी आमचा भाग मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. (१९५६ मध्ये आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि गोंदिया हा वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला.) त्या दुष्काळांनंतर मध्य प्रांतात पांगळ्यांची संख्या इतकी दिसू लागली, की मेजर ब्युकॅनन या सरकारी डॉक्टरने १८९६ ते १९०२ या काळातल्या या रोगाचा खास अहवाल तयार केला. तो १९०४ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाला. रोगाला नाव १८७३ मध्येच इटलीतल्या कांतानी या डॉक्टरने दिले होते, लॅथिरिझम. लाखवात म्हणा हवे तर.

हा रोग मोठा विचित्र. माणसाची बुद्धी शाबूत राहते, वाचा शाबूत, हातही बहुधा शाबूत. पाय मात्र ताठ होतात. टाच टेकत नाही, चवड्यांवर चालावे लागते आणि चालताना कात्रीसारखे पायात पाय अडकतात. सौम्य असेल तर काठी नको, वाढला तर एक काठी, आणखी वाढला तर दोन काठ्या, आणि शेवटी बसून सरपटणे. मेंदूकडून पायांना हुकूम नेणाऱ्या मज्जातंतूंना इजा झालेली असते. खाणे थांबवले तर रोग पुढे सरकत नाही, पण गेलेले परतही येत नाही. पंचविशीतल्या गड्याचे पाय गेले तर पुढची चाळीस वर्षे तो तसाच जगणार. रोजंदारीवरच्या कुटुंबाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता मुख्य प्रश्न. ही डाळ सगळेच खात होते, मग पाय ठराविक माणसांचेच का गेले?

याचे उत्तर रेवा-सतना भागात, म्हणजे विंध्य प्रदेशात, स्वातंत्र्यानंतर झालेल्या पाहण्यांतून स्पष्ट झाले. तिथे शेतमजुराची मजुरी धान्यात मिळत असे आणि मालक ती बहुधा खेसारीत देत असे. चांगला गहू मालकाच्या कोठीत, बाजारात जाण्यासाठी. वेठीला बांधलेल्या मजुराच्या पदरात पडायची ती खेसारी. सकाळी तिचीच भाकर, संध्याकाळी तिचीच डाळ, असे महिनोन्‌महिने. मालकाच्या घरीही खेसारी शिजत होती, पण भातासोबत, पोळीसोबत, दूध-भाजीसोबत. एकच डाळ, एकच गाव. एका घरात ती तोंडी लावणे होती, दुसऱ्या घरात तेच सगळे जेवण होते. पाय गेले ते दुसऱ्या घरातल्यांचे.

याचा सर्वांत भयंकर पुरावा मात्र दूरच्या देशातून आला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, आजच्या युक्रेनमधल्या वाप्निआर्का येथे ज्यू कैद्यांची छावणी होती. तिथे कैद्यांना जनावरांच्या चाऱ्यासाठी असलेली ही डाळ रोज सुमारे ४०० ग्रॅम, सोबत निकृष्ट पाव, एवढेच अन्न दिले गेले. काही महिन्यांतच शेकडो माणसांचे पाय गेले. कैद्यांमध्येच आर्थर केसलर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी रोग ओळखला आणि आम्हाला ही डाळ देऊ नका म्हणून भांडण मांडले. छावणीत उपासमार लादलेली होती आणि तिकडे आमच्या सागर-रेव्यात ती दुष्काळाने आणि मालकाने लादली, एवढाच काय तो फरक.

विष आहे का? आहे, यात शंका नको. १९६४ मध्ये भारतातल्याच शास्त्रज्ञांनी लाखोरीतून ते वेगळे काढले. त्याला संक्षेपात ओडॅप म्हणतात. आहारात इतर धान्ये, भाज्या असल्या तर त्याचा मारा बोथट होतो. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले तर विषाचा बराचसा भाग निघून जातो, सगळा मात्र जात नाही. आणि दुष्काळात हेच करायला सवड नसते, कारण तेव्हा पाणीही नसते आणि सरपणही नसते!

सरकारने काय केले? १९६१ मध्ये अन्नभेसळ कायद्याच्या नियमांत एक कलम घातले आणि लाखोरीच्या विक्रीवर बंदी आणण्याची सोय केली. ती कधीपासून लागू करायची, हे ज्या त्या राज्यावर सोडले. महाराष्ट्राने ती लागू केली, मध्य प्रदेशाने केली नाही. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागऱ्याच्या पलीकडे काही मैलांवर बालाघाट जिल्ह्याची हद्द. तेव्हा त्या बाजूला लाखोरी म्हणजे डाळ होती, या बाजूला गुन्हा. माती तीच, धान तेच, उतेराही तोच.

बंदीचा हेतू चांगला होता, याबद्दल वाद नाही. तुरीच्या डाळीत आणि बेसनात लाखोरी मिसळणाऱ्यांना चाप हवाच होता. पण बंदी विकण्यावर आली. पेरणारा पेरत राहिला, कारण उतेऱ्याला खर्चच नाही. माल चोरून, पडत्या भावाने गेला. म्हणजे कायद्याने धान्याला शिक्षा केली. मजुरी धान्यात, त्यातही सर्वांत हलक्या धान्यात देण्याची जी रीत होती, तिच्यासाठी वेगळी झुंज द्यावी लागली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ मध्ये आला, आणि माझ्या मते पाय वाचवण्यात त्याचा, रोख मजुरीचा आणि रेशन दुकानाचा वाटा लाखोरीबंदीपेक्षा मोठा आहे.

पुढे ही बंदी उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. दुसरीकडे कृषी शास्त्रज्ञांनी विष अगदी कमी असलेले रतन, प्रतीक आणि महातिवरा हे वाण काढले. २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने या वाणांना अनुकूलता दाखवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा पुन्हा मोठा वाद झाला. काही डॉक्टर म्हणाले, शेतात वाण मिसळतात, बाजारात कोण तपासणार? ही शंका रास्त आहे. पण लाखोरी नको म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी गरिबाच्या ताटात काय वाढणार, तेही सांगायला हवे.

जुन्या गावाच्या ताटात काय होते ते आठवून पाहा. भात तर होताच. पण मालगुजारीच्या काळातले तलाव होते, त्यांत मासळी, झिंगे, शिंगाडे. बांधावर तूर. उतेऱ्यावर जवस आणि लाखोरी. परसात वाल, भोपळा, अंबाडी. रानात मोहाची फुले. या सगळ्यांच्या जोडीला लाखोरी बसली होती तोवर ती पोसत होती. दुष्काळाने तिच्या भोवतीचे एकेक पदार्थ उचलून नेले आणि ती एकटी उरली, तेव्हा तिने पाय घेतले.

म्हणून मला वाटते, गावाचे आरोग्य मोजायचे तर गावातल्या सर्वांत गरीब घरात जाऊन ताटात किती पदार्थ आहेत ते मोजावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक गरीब कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. ही मोठीच गोष्ट आहे, तिला नावे ठेवणाऱ्यांनी १८९६ वाचावे. पण त्या हक्कात डाळ नाही. पोट भरते आणि ताटाचा बाकीचा भाग ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहतो. नुसत्या भाताने कुणी लाखोरीसारखे एका रात्रीत पांगळे होत नाही, पण रक्त पातळ होते, मुलांची वाढ खुंटते, बाळंतिणीला ताकद राहत नाही. हे पांगळेपण काठी घेऊन येत नाही, म्हणून चटकन दिसत नाही इतकेच.

असो. पुढच्या वेळी कुणी "लाखोरी खाल्ली की पाय जातात" असे म्हणाले, तर त्या वाक्याला "दुसरे काही खायला नसले की" एवढी पुस्ती जोडा. आणि तुमच्या गावाकडे दुष्काळात लोक काय खाऊन जगले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर विचारा. ती माहिती सांगणारे आता थोडेच उरले आहेत.