प्लेगच्या माळापासून सेवासदनापर्यंत

१८९७च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले, तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर ससाणे यांच्या माळावर दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. याच साथीची लागण होऊन १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. शुश्रूषेच्या इतिहासात या घटनेला मानाचे स्थान मिळायला हवे.

पगारी परिचारिकेचा पेशा मात्र उच्चवर्णीय घरांत हलका मानला जाई. परक्याचे अंग पुसायचे, मलमूत्राचे भांडे उचलायचे, कोणत्याही जातीच्या रुग्णाला चमच्याने पेज भरवायची, म्हणजे सोवळे मोडलेच! रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने १९०९ मध्ये स्थापन केलेल्या पुणे सेवासदनाने ही अढी मोडायला घेतली. संस्थेतल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या आणि सुईणीचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवाही होत्या. घरच्या मंगलकार्यात जिची सावलीही नको असे, तिच्याच हाती आता बाळंतीण आणि नवजात बाळ विश्वासाने सोपवले जाऊ लागले.