कुणाची बंदूक, कुणाची गोळी?

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ अब्बांचं लेथचं छोटं दुकान होतं. ट्रकचे मोडके भाग यायचे आणि ते जुळवून द्यायचे. अब्बा म्हणायचे, "नवा पार्ट कोणीही बनवील. एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसवणं, त्याला डोकं लागतं."

हे परवा भाच्यामुळे आठवलं. तो युक्रेन युद्धाचे व्हिडिओ पाहत होता. त्यानं विचारलं, "मामू, रशियन मशीनगनची गोळी 7.62, नाटोचीही 7.62. मग एकाची गोळी दुसऱ्यात का चालत नाही?"

प्रश्न चांगला होता. आकडा एकच असला तरी काडतुसं वेगळी आहेत. रशियन काडतुसाच्या धातूच्या कोशाची लांबी सुमारे 54 मिलिमीटर, नाटोच्या काडतुसाच्या कोशाची 51. रशियन काडतूस 1891 सालचं. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, नाटोच्या काडतुसाला ती नाही. या कडेभोवती सोव्हिएत पीकेएम मशीनगनची अख्खी रचना उभी आहे. तिच्या पट्ट्याच्या कड्या बंद असतात, त्यामुळे गोळी आधी मागे ओढून बाहेर काढायची, खाली घ्यायची आणि मग नळीत ढकलायची. नाटोच्या पट्ट्यात गोळी सरळ पुढे ढकलली की झालं. मागे पट्ट्याच्या कड्या सुट्या होऊन गळून पडतात.

पोलंड 1999 मध्ये नाटोत गेला, तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच होता. तार्नुव शहरातल्या कारखान्यानं पीकेएमचा मूळ सांगाडा आधाराला घेतला, पण नळी, बोल्ट आणि गोळी भरण्याची यंत्रणा नाटोच्या काडतुसासाठी नव्यानं जुळवली. त्यातून यूकेएम-2000 तयार झाली. थोडक्यात, अब्बांच्या लेथवरचंच काम, फक्त मोठ्या प्रमाणावर.

पण हा पेच आपल्याला नवा नाही. आपल्या जवानांनी वर्षानुवर्षं वापरलेली ब्रेन मशीनगन मूळची चेकोस्लोव्हाकियाची, बिनकडेच्या काडतुसासाठी बनलेली. इंग्रजांनी 1930 च्या दशकात ती घेतली आणि आपल्या कडवाल्या .303 गोळीसाठी बदलली. या कडेमुळेच तिचं मॅगझिन केळासारखं वाकडं झालं. नावही दोन गावांचं: ब्रनो आणि एनफिल्ड. पुढं भारतानं 7.62 नाटो काडतूस स्वीकारलं. 1962 मध्ये चीनसमोर आपल्या पायदळाच्या हाती मुख्यतः .303 रायफलीच होत्या. नंतर ब्रेनही नव्या काडतुसासाठी बदलली गेली आणि गोळी पुन्हा बिनकडेची झाली. म्हणजे ही बंदूक दोनदा उलटसुलट जुळवली गेली.

यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा. .303 काडतुसांच्या बुडावर त्याची मोहोर असे. भुसावळजवळच्या वरणगाव कारखान्यानं पुढं लहान शस्त्रांची काडतुसं बनवली. दुसरीकडे सोव्हिएत रचनेच्या टाक्या आणि बीएमपी गाड्यांवर कडवाल्या रशियन काडतुसाची मशीनगन आजही आहे. एकाच सैन्यात 7.62 च्या तीन जाती: कलाश्निकोव्हची, नाटोची आणि ही जुनी रशियन. रसद पाठवणाऱ्यानं पेटी चुकवली, तर पुढच्या चौकीतल्या जवानाच्या हातातली बंदूक म्हणजे नुसतं लोखंड. पाश्चात्त्य मानकं म्हणजे नुसता डौल नव्हे, हे इथं कळतं.

चिलखती दलाचं केंद्र अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आहे. याच शहरात 1549 मध्ये मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली. ओतणारा कारागीर महंमद रूमी, म्हणजे तुर्की मुलखातून आलेला, आणि चाकरी निजामशाहीची. पुढं तोफ परंड्यातून विजापूरला गेली. 1686 मध्ये औरंगजेबानं विजापूर घेतलं आणि तिच्यावर आपला लेख कोरवला. तोफ तीच राहिली, धनी मात्र बदलत गेले.

शस्त्रांचं कौतुक करावं म्हणून हे लिहीत नाही. त्यांनी माणसंच मारली आहेत. पण आपल्याला अधूनमधून विचारलं जातं, "तुम्ही मूळचे कुठले?" तेव्हा मला ब्रेन आठवते. जन्म चेकोस्लोव्हाकियात, बाळसं इंग्लंडात, सेवा भारतीय सैन्यात. तिला कोणी मूळ गाव विचारलं नाही. ती वेळेला चालते का, एवढंच पाहिलं गेलं. माणसाला मात्र चालण्याआधी मूळ सांगावं लागतं.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "आकडा सारखा दिसला म्हणून जोड बसत नाही, आणि वेगळा दिसला म्हणून बसणारच नाही असंही नाही. बसवणारा हात हवा."

अब्बांचा लेथ आता विकला गेलाय. त्याच्या जागी ट्रकच्या टायरांचं दुकान आहे.