मधुमेही मूत्रपिंडविकार आणि पेशिमृत्यू : एका कल्पनेचा इतिहास

मधुमेहाने मृत्यू आलेल्या रुग्णांच्या मूत्रपिंडात मृत पेशी आढळतात, अशी नोंद गटिंगेन येथील विल्हेल्म एब्स्टाइन ह्याने १८८१ मध्ये केली होती. परंतु त्याचे लक्ष प्रामुख्याने मधुमेही मूर्च्छेकडे होते. त्याने वर्णिलेले वृक्कनलिकांतील फेरफार हा आज ज्यास मधुमेही मूत्रपिंडविकार म्हणतात तो विकार नव्हे. त्यास आधुनिक सिद्धांताचा आद्य पुरुष ठरविण्याचा मोह म्हणूनच आवरला पाहिजे.

१९२२ मध्ये इन्सुलिनाचा उपचार सुरू झाला आणि तरुण रुग्णही मूत्रपिंड हळूहळू निकामी होण्याइतके जगू लागले. १९३६ मध्ये किमेल्स्टील व विल्सन ह्यांनी आठ रुग्णांच्या केशिकागुच्छांतील गाठी वर्णिल्या. पुढील साठ वर्षे ह्या विकाराचे चित्र मुख्यतः संचयाचेच राहिले : पटल जाड होते, केशिकांमधील द्रव्य वाढते. ह्यात नवल नाही. जे साचते ते सूक्ष्मदर्शकाखाली आपोआप दिसते. जे नाहीसे होते ते मुद्दाम मोजावे लागते.

त्यातून पेशीचा एक मृत्युप्रकार मागे खूणही फारशी ठेवीत नाही. कर, वायली व करी ह्यांनी १९७२ मध्ये त्यास ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. झाडाची पाने गळणे, असा त्या ग्रीक शब्दाचा अर्थ. तो त्यांस ॲबर्डीनच्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकाने सुचविला होता. अशी पेशी आकसते, तिचे तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते काही तासांत गिळून टाकतात.

मोजणीचे काम अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील पिमा जमातीच्या रुग्णांवरील अभ्यासाने पुढे आणले. केशिकांस बाहेरून आपल्या पायांसारख्या फाट्यांनी वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी विकार बळावलेल्या रुग्णांत कमी असतात, असे १९९७ मध्ये दिसून आले. प्रौढ पोडोसाइट सहसा विभागत नाही. गेलेल्या पेशीची जागा बव्हंशी रिकामीच राहते आणि उरलेल्या पेशींवर ताण वाढतो. संचयाइतकाच ऱ्हासही महत्त्वाचा, हे येथे प्रथमच ठसठशीतपणे पुढे आले.

तथापि ऱ्हास म्हणजे मृत्यू, हे समीकरण मात्र घाईचे होते. ग्लुकोजच्या आधिक्याने निर्माण होणाऱ्या क्रियाशील ऑक्सिजन-संयुगांमुळे उंदरांच्या पोडोसाइटांत अपॉप्टोसिस घडतो, असे २००६ मध्ये दाखविण्यात आले, आणि अनेकांनी तेच मानवासही लागू केले. मानवी मूत्रपिंडाच्या छेदांत मात्र अशा मरणासन्न पोडोसाइट क्वचितच सापडतात. उलट, केशिकागुच्छाचे विकार असलेल्या रुग्णांच्या मूत्रात गळून आलेल्या जिवंत पोडोसाइट मिळाल्या आहेत. तेव्हा पेशी मेली म्हणून सुटली, की सुटली म्हणून मेली, हा वाद शब्दच्छल नव्हे. पहिला पक्ष खरा असेल तर मृत्यूची यंत्रणा रोखणे हा उपाय; दुसरा असेल तर पेशीची पटलावरील पकड टिकविणे. २०१२ मध्ये लोहावर अवलंबून असणाऱ्या ‘फेरॉप्टोसिस’ ह्या मृत्युप्रकाराची भर पडली व संशोधकांची दृष्टी पुन्हा वृक्कनलिकांकडे, म्हणजे एब्स्टाइनच्याच प्रदेशाकडे, वळली. सर्व पक्षांची अडचण मात्र एकच : मूत्रपिंडाचा छेद एका क्षणाचे चित्र देतो, आणि काही तासांत संपणारी घटना वर्षानुवर्षे चालणाऱ्या विकारात त्याच क्षणी हाती लागेल, ह्याचा भरवसा नसतो.