खाणीतील दिव्याची साक्ष

कोळशाच्या थरांतून पाझरणारा मिथेन वायू रंगहीन, गंधहीन आणि हवेहून हलका असल्यामुळे खाणीच्या छताशी साचून राहतो, आणि हवेतील त्याचे प्रमाण शेकडा पाच ते पंधरा यांच्या दरम्यान आले की एखादी मेणबत्तीही स्फोटास पुरेशी होते. इंग्लंडच्या खाणींत त्याच्या निवारणाची जुनी तजवीज अशी होती की, ओल्या कपड्यांनी अंग झाकलेला एक माणूस लांब काठीच्या टोकास पेटती मेणबत्ती लावून जमिनीलगत सरपटत जाई आणि साचलेला वायू मुद्दाम पेटवून देई. डोक्यावरून जाळाचा लोळ निघून गेल्यावर तो धडपणे उठला, तर खाण कामास योग्य ठरे.

उत्तर इंग्लंडमधील फेलिंग येथे २५ मे १८१२ रोजी स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथील धर्मोपदेशक जॉन हॉजसन यांनी त्या अनर्थाची साद्यंत हकिकत छापली. पुढल्या वर्षी संडरलँड येथे अशा अपघातांच्या प्रतिबंधार्थ मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या विनंतीवरून सर हंफ्री डेव्ही यांनी १८१५ साली या प्रश्नास हात घातला. ज्वालेभोवती बारीक तारेची जाळी बसवली असता धातू उष्णता शोषून घेतो आणि आतला जाळ बाहेरच्या वायूस पेटवीत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. जॉर्ज स्टीफन्सन यांनीही त्याच सुमारास आपला निराळा दिवा बनविला होता. श्रेयाचा तो तंटा येथे उकरण्याचे कारण नाही.

प्रकाशाचे साधन म्हणून डेव्ही यांचा हा दिवा, माझ्या मते, बेताचाच होता. जाळीमुळे उजेड मंदावे. शिवाय सुरक्षिततेची ग्वाही मिळताच मालकांनी वायूच्या भयाने सोडून दिलेल्या जागांत माणसे पुन्हा उतरविली, त्यामुळे स्फोटांचे सत्र थांबले नाही. त्याचे खरे मोल मापक म्हणून होते. वात ओढून ज्वाला अगदी बारीक केली आणि दिवा सावकाश छताकडे नेला, की तिच्या माथ्यावर फिकट निळसर टोपी दिसू लागे. सव्वा टक्का मिथेनला ती जेमतेम नजरेस पडे, तीन टक्क्यांच्या आसपास चांगली त्रिकोणी होई, आणि प्राणवायू फार कमी असेल तर ज्वालाच विझे. आपल्याकडील कोळसाखाणींतही ‘सरदार’ या हुद्द्याचा माणूस दीर्घकाळ याच दिव्यावर भिस्त ठेवून पाळीला कामाची मोकळीक देत असे.

मात्र कार्बन मोनॉक्साइडविषयी ही ज्वाला मुकी होती. स्फोटांत मरणारे बहुसंख्य लोक जाळाने किंवा दणक्याने नव्हे, तर मागाहून पसरणाऱ्या या वायूने मरतात, असे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ साली ब्रिटिश सरकारास सादर केलेल्या अहवालात दाखवून दिले. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्यास धरते. हाल्डेन यांनी तो स्वतः हुंगून त्याचे परिणाम टिपले होते, म्हणून लहान प्राणी सोबत न्यावेत ही त्यांची शिफारस ऐकीव ज्ञानावर आधारलेली नव्हती. लहान जिवाचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने कॅनरी पक्षी माणसाच्या आधी दांडीवरून कोसळे. काही पिंजऱ्यांना प्राणवायूचे नळकांडे जोडलेले असे, आणि झडप मिटून पक्ष्यास शुद्धीवर आणता येई. १९८६ साली सरकारने हा शिरस्ता बंद करण्याचे ठरविले.

दरम्यान १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील एका तेल कंपनीत ऑलिव्हर जॉन्सन यांनी ज्वालेचे काम प्लॅटिनमच्या तापलेल्या तारेकडे सोपविले: ज्वलनशील वायू तिच्यावर जळतो, तार अधिक तापते, तिचा विद्युत्‌रोध वाढतो आणि काटा सरकतो. आज कमरपट्ट्यास अडकविण्याजोगे उपकरण ज्वलनशील वायू, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड यांची एकाच वेळी दखल घेते. शेवटचा वायू विशेष कपटी. अल्प असता त्यास सडक्या अंड्यासारखी घाण येते, पण वाढला की नाकच बधिर करतो, आणि वास गेला म्हणून माणूस निर्धास्तपणे आत उतरतो. सफाई कामगारांस द्यावयाच्या साधनांच्या यादीत २०१३ च्या केंद्रीय नियमांनी चार वायूंचे मापक नमूद केले आहे; गटारात उतरणाऱ्या कंत्राटी मजुराच्या कमरेस मात्र अद्यापही पुष्कळदा दोरीखेरीज काही नसते.