चाकांवरचें बिऱ्हाड



ज्या मोटारींतच निजण्याची, रांधण्याची आणि पाणी सांठविण्याची सोय असते तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. आपण तिला निवासगाडी म्हणूं. परदेशीं जाऊन अशा गाडीनें हिंडावें, असा बेत आतां आपल्याकडील घरांतूनहि होऊं लागला आहे. हंगाम टळल्यावर गर्दी कमी आणि भाडें हलकें. तेव्हां आडहंगामांतच निघावें, असाहि हिशेब केला जातो. हा हिशेब चुकीचा नाहीं, परंतु अपुरा आहे. तो पुरा करावयाचा असेल तर या गाडीचा इतिहास थोडासा ठाऊक असणें उपयोगाचें होईल.

केवळ हौसेच्या प्रवासासाठीं बांधलेली पहिली निवासगाडी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती इंग्लंडांत १८८५ सालीं तयार झाली. तिचे मालक डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स हे आरमारांतून निवृत्त झालेले वैद्य आणि मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लेखक होते. जिप्सी लोकांच्या फिरत्या घरांवरून त्यांना ही कल्पना सुचली. ब्रिस्टल येथील कारखान्यानें बांधलेल्या या गाडीचें नांव ‘वाँडरर’. ती ओढावयास दोन घोडे लागत. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत डॉक्टरसाहेब बर्कशर परगण्यांतील ट्वायफर्ड गांवाहून निघाले, तें थेट स्कॉटलंडांतील इन्व्हरनेसपर्यंत गेले. गाडीचें वजन सुमारें दोन टन. त्यामुळें चढ आला कीं घोड्यांचा कस लागे, आणि उतारावर गाडी आवरणें त्याहूनहि कठीण जाई. सबब एक सेवक तीनचाकी सायकलवरून पुढें जात असे. रस्ता कसा आहे हें पाहणें आणि समोरून येणाऱ्यांस सावध करणें, हें त्याचें काम. स्वैर भटकंतीचे गोडवे गाणारा हा गृहस्थ पुढच्या रस्त्याची बातमी मात्र आधींच काढीत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

याच इतिहासाची दुसरी बाजू तितकीशी रम्य नाहीं. ज्या जिप्सींपासून ही कल्पना घेतली, त्यांच्या गाड्यांची नोंदणी आणि तपासणी व्हावी म्हणून त्याच सुमारास इंग्लंडांत जॉर्ज स्मिथ नांवाच्या सुधारकानें मोहीम उघडली होती. त्यासाठीं पार्लमेंटांत पुनःपुन्हा विधेयकें आलीं; तीं संमत झालीं नाहींत, हा भाग निराळा. पुढें १९०७ सालीं हौशी प्रवाशांचा ‘कॅरव्हॅन क्लब’ स्थापन झाला आणि स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. एकाच्या गाडीस क्लबाची प्रतिष्ठा, आणि दुसऱ्याच्या गाडीवर पहाऱ्याची मागणी! सारांश, दुसऱ्याच्या भूमीवर मुक्काम करण्याचा प्रश्न या गाडीच्या मागें पहिल्यापासून लागलेला आहे. न्यूझीलंडांत २०११ सालीं मुक्त मुक्कामासंबंधीं स्वतंत्र कायदा झाला, आणि २०२३ सालीं शौचालयाची व सांडपाण्याची सोय गाडींतच असण्याचे नियम आणखी कडक करण्यांत आले, तेहि याच प्रश्नाचें उत्तर होय. गाडी आपली असली तरी जागा आपली नसते.

घोडे गेले आणि मोटार आली. अमेरिकेंत १९१० सालीं पिअर्स-ॲरो कंपनीनें झोपण्याची सोय असलेली मोटार प्रदर्शनांत मांडली. जर्मनींत १९३१ सालीं आरिस्ट डेथलेफ्स या कारखानदारानें, धंद्याच्या फेऱ्यांत कुटुंबाचा वियोग होऊं नये म्हणून, मोटारीमागें जोडावयाचें घर तयार केलें. त्यांच्या चित्रकार पत्नीचा, फ्रिडेल यांचा, तसा आग्रह होता. १९४७ सालीं बेन पॉन या डच व्यापाऱ्यानें आपल्या वहींत फोक्सवॅगनच्या पेटीवजा गाडीचें रेखाचित्र काढलें. १९५० सालीं ती गाडी कारखान्यांतून बाहेर पडूं लागली, आणि १९५१ सालीं वेस्टफालिया कंपनीनें तींत बसविण्याजोगें बिऱ्हाडाचें सामान तयार केलें. आजची कॅम्परव्हॅन ही तिचीच वंशज.

आतां ‘हंगाम’ म्हणजे काय, याचा विचार करूं. तो केवळ ऋतूनें ठरविला असें आपण समजतों. परंतु कायद्याचाहि त्यांत मोठा वांटा आहे. फ्रान्समध्यें १९३६ सालीं कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. इंग्लंडांत १९३८ सालीं भरपगारी रजेचा कायदा झाला. शाळांच्या उन्हाळी सुट्यांशीं या रजा जुळल्या, आणि जुलै-ऑगस्टांत लोक एकदम बाहेर पडूं लागले. मुक्कामाचीं मैदानें, दुकानें, नोकरचाकर, सारें त्या गर्दीच्या मापानें उभें राहिलें. गर्दी ओसरली कीं पुष्कळ मैदानांचें फाटकहि बंद होतें. भाडें हलकें होतें याचें कारण हेंच कीं, त्याबरोबर सोईहि हलक्या झालेल्या असतात.

म्हणून प्रथम जाणाऱ्यानें पहिला प्रश्न भाड्याचा विचारूं नये. दिवस किती तासांचा, हा विचारावा. स्टेबल्स ज्या इन्व्हरनेसला गेले, तेथें जूनअखेरीस दिवस सुमारें १८ तासांचा असतो, आणि डिसेंबरअखेरीस जेमतेम साडेसहा तासांचा. उन्हाळ्यांतील दिवसाची मजल हिवाळ्यांत तीन दिवसांची समजावी. आल्प्समधील स्टेल्व्हिओसारखे २७५७ मीटर उंचीवरील घाट हिवाळ्यांत बंदच असतात. आणि जर्मनींत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर २०१० सालापासून सक्तीचे आहेत.

गाडीच्या आंतील संसाराचेंहि तसेंच. ब्युटेन वायूची टाकी गोठणबिंदूच्या आसपास काम देईनाशी होते. प्रोपेन मात्र उणे ४० अंशांपर्यंतहि वायुरूप होतो. म्हणून टाकींत काय आहे हें गाडी ताब्यांत घेतांनाच विचारावें. पाण्याच्या नळ्या कडाक्याच्या रात्रीं फुटूं शकतात; त्या केव्हां आणि कशा रित्या करावयाच्या हेंहि तेव्हांच शिकून घ्यावें. आणि कितीहि थंडी वाजली तरी ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून, दारें-खिडक्या लावून, कोणीं निजूं नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेल्या कुटुंबाला तो जागें होऊं देत नाहीं. त्याची सूचना देणारें यंत्र गाडींत आहे ना, आणि तें चालतें ना, हें मुलांना निजविण्यापूर्वीं पाहणें हें गृहिणीचें नव्हे, गृहस्थाचें नव्हे, दोघांचेंहि कर्तव्य आहे.

राहिले कागदपत्र. भारतीय प्रवाशास शेंगेन देशांत १८० दिवसांच्या कोणत्याहि मुदतींत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं; ब्रिटन आणि आयर्लंड त्यांत मोडत नाहींत, तेथील व्हिसा निराळा. आपल्या आर. टी. ओ. कडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना आधींच काढावा आणि मूळ परवानाहि जवळ ठेवावा. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहनें उजव्या बाजूनें धांवतात. न्यूझीलंडांत आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें. नवशिक्यास हा फरक लहान नव्हे.

इतकें ऐकून कोणीं घाबरूं नये. १९१९ सालीं फ्लॉरिडांतील टँपा येथें अमेरिकेच्या भटक्या मोटारवाल्यांनीं ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही संस्था काढली, ती हिवाळा चुकवून उबेकडे जाणाऱ्यांचीच होती. हिवाळ्यांत निघणाऱ्यानें त्यांचेंच अनुकरण करावें: पहिल्या खेपेस उत्तरेच्या डोंगरांकडे न वळतां स्पेनचा दक्षिण भाग किंवा पोर्तुगालचा समुद्रकिनारा धरावा, रोजची मजल थोडी ठेवावी, आणि संध्याकाळीं कोठें थांबावयाचें तें सकाळींच, फाटक उघडें असल्याची खातरी करून, ठरवावें. स्टेबल्स यांच्यापुढें तीनचाकीवरून एक माणूस जात असे. आपल्यापुढें तो नाहीं. त्याचें काम निघण्यापूर्वीं घरीं बसून आपणच केलें पाहिजे.