पाणीपट्टी कोणी भरावी?

गोमंतकातील एका देवस्थानच्या कार्यकारी मंडळाने काही काळापूर्वी आमच्यापुढे कागदांचे एक गाठोडे आणून ठेवले. देवस्थानच्या मालकीची मुंबईत एक जुनी चाळ आहे. तिची पाणीपट्टी आता भाड्याच्या एकूण वसुलीहून अधिक होऊ लागली, आणि भाडेकरूंपैकी निम्मे तर त्याच देवाचे कुळावी! कुळाव्यांकडे पाण्याचे पैसे मागावेत की देवाच्या पेटीतून भरावेत, हा मंडळाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस शे-दीडशे वर्षे मागे जावे लागले.

विहीर खणणे, तलाव बांधणे ही आपल्याकडे पूर्तकर्मे मानली गेली. त्यांचा मोबदला पुण्यात मिळावयाचा, पैशांत नव्हे. मुंबईतही प्रारंभी हीच रीत होती. कावसजी पटेलांचा तलाव किंवा १७२५ सालची भिकाजी बेहराम यांची विहीर ही तिची स्मारके होत. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, आणि पाण्याला प्रथमच हिशेबाची वही लागली. पुढे १८७९ साली तुळशीचे व १८९२ साली तानशाचे पाणी आले. १९११ च्या हिवतापविषयक अहवालानंतर घरोघरच्या विहिरी बुजविण्याचा किंवा झाकण्याचा सपाटा सुरू झाला. धर्मकृत्यांस विहिरीचेच पाणी हवे, म्हणून पारशी व हिंदू गृहस्थांनी त्यावर पुष्कळ तक्रारी केल्या. ते काही असो. नळावाचून गती नाही, अशी स्थिती त्यामुळे उत्पन्न झाली एवढे खरे.

मग पैसे कोणी द्यावयाचे? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने पाणीपट्टीची गणना मालमत्ता-करांत केली. जागा भाड्याने दिलेली असेल तर हा कर प्रथमतः भाड्याने देणाऱ्याकडून वसूल करावा, असे त्यात ठरविले आहे. सरकार, महापालिका किंवा फजेंदार यांच्याकडून जो थेट जागा धारण करतो, त्या भोगवटादारानेच मात्र तो भरावयाचा. हा 'फजेंदार' शब्द आमच्या गोमंतकीय वाचकांस परका वाटणार नाही; पोर्तुगीज अमदानी मुंबईतून गेली, पण कायद्याच्या पोटात आपला शब्द ठेवून गेली.

कर मालकावर टाकण्याचे कारण व्यवहारी होते. तो हंड्यांवर नव्हे, तर जागेच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे मुख्यतः वार्षिक भाड्यावर बसावयाचा. आणि चाळीत बिऱ्हाडे चाळीस असली तरी नळाची जोडणी एकच. महापालिकेला एक खिसा हवा होता. मालकाने थकविलेच, तर भोगवटादाराकडे मागणी करण्याची मुभा होती, व त्याने भरलेली रक्कम मालकाच्या खाती वळती होत असे. मालकाला त्याची क्षिती नव्हती, कारण पट्टी वाढली की भाडे वाढवावयाचे!

ही सोय १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने संपविली. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच सामान्यतः प्रमाण भाडे ठरले. पुढे नव्याने बसलेल्या वा वाढलेल्या करापुरती तेवढी वाढ मालकास मागता येई. भाडेकरूचे संरक्षण प्रमाण भाडे व ही अनुज्ञेय वाढ देण्यावर अवलंबून राहिले. म्हणून चार आण्यांच्या पाणीपट्टीवरून घर जाण्यापर्यंत पाळी येऊ शकत असे. उलट मालकाने सबळ कारणाशिवाय पाणी तोडणे हा अपराध ठरविला गेला, ही तरतूद आम्ही त्या कायद्यातील सर्वांत माणुसकीची मानतो. कर मूल्यावर न घेता मापाने आकार घेण्याची सोय १८८८ च्या कायद्यातच होती, तिने नवा घोळ घातला. मापक दाराशी एक. पाणी कोणाचे किती, हे कोण सांगणार?

गोठलेले भाडे आता अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले. ३१ मार्च २००० रोजी अंमलात आलेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने वर्षाला शेकडा ४ वाढ दिली, व पाणी तोडण्यावरील बंदी कायम ठेवली. बेळगावकरांचा मार्ग १९६१ च्या म्हैसूर कायद्याने आणि गोव्याचा १९६८ च्या कायद्याने वेगळा झाला. तेथील वाचकांनी मुंबईचा न्याय जसाच्या तसा आपणांस लावू नये.

मंडळाला आम्ही जुन्या पावत्या काढावयास सांगितले. देवळाच्या पेटाऱ्यात १९३८ ची एक सापडली. तिच्यावर मोडी वळणाच्या अक्षरांत लिहिले होते, "भाडे पाणीपट्टीसुद्धा." म्हणजे मूळची पट्टी भाड्यातच आलेली, ती पुन्हा मागता येत नाही, मागावयाची ती केवळ नंतरची वाढ. हे ऐकून अध्यक्षांचा चेहरा उतरला. चिटणीस मात्र स्वतः त्याच चाळीत लहानाचे मोठे झालेले. ते पावती पुनःपुन्हा वाचीत होते, कारण तीवरील नाव त्यांच्या आजोबांचे होते.