सिंहांच्या शहरातला रॉक बँड

ब्राउनश्वाइग कुठे आलं, असं भारतातल्या नातेवाइकांनी विचारलं की "फोक्सवागनच्या वुल्फ्सबुर्गजवळ" हे आपलं ठरलेलं उत्तर! गणिताची आवड असणाऱ्यांना गाउस इथलाच (जन्म १७७७) हे ठाऊक असतं, आणि फिरायला आलेले पाहुणे किल्ल्याच्या चौकातल्या सिंहापाशी फोटो काढून जातात. या सिंहांच्या शहराची आणखी एक ओळख मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. 'सच अ सर्ज' हा रॉक बँड याच गावचा. १९९२ ते २००६ अशी चौदा वर्षं तो वाजला आणि गाजला.

मंडळाच्या स्मरणिकेत जर्मन रॉकचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. पण या बँडच्या गोष्टीत जो भाषेचा प्रश्न आहे, तो थेट आपल्या घरातला आहे.

रॉक संगीत जर्मनीत आलं ते अमेरिका आणि ब्रिटनमधून, आणि सोबत इंग्रजी घेऊन आलं. आपल्या पिढीने कॉलेजात यू टू आणि क्रॅनबेरीज ऐकले. ते आयर्लंडचे, इंग्रजी ही त्यांची रोजच्या बोलण्याची भाषा होती. जर्मन मुलांचं तसं नव्हतं. तरीही आपल्या शेजारच्या हानोफरमध्ये १९६५ साली सुरू झालेला 'स्कॉर्पियन्स' हा बँड इंग्रजीतच गात राहिला. जगभर पोचायचं तर इंग्रजीच हवी, हा हिशेब. तो खोटा ठरला असंही नाही. 'विंड ऑफ चेंज' जगाने ऐकलं आणि २००७ साली हा बँड थेट शिलाँगपर्यंत जाऊन वाजवून आला! सत्तरच्या दशकात उदो लिंडेनबर्गसारख्यांनी जर्मन भाषेत रॉक रुजवला खरा, पण "रॉक म्हणजे इंग्रजी" ही समजूत बरीच वर्षं टिकली.

मग आलं १९९२ साल. बर्लिनची भिंत पडून तीन वर्षं झाली होती. पूर्व जर्मनीची सीमा ब्राउनश्वाइगपासून जेमतेम चाळीसएक किलोमीटरवर होती. एकीकरणाचा आनंद ओसरून बेकारी आणि परदेशी लोकांबद्दलचा राग वर येत होता. ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेन भागात निर्वासित आणि व्हिएतनामी कामगार राहत असलेल्या इमारतीवर जमावाने हल्ले केले. नोव्हेंबरमध्ये म्योल्न इथे तुर्की कुटुंबांची घरं पेटवली गेली. त्यात तीन जणी गेल्या, त्यांतल्या दोघी लहान मुली होत्या. त्याच वर्षी हायडेलबर्गच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड केमिस्ट्री' या गटाने "आपल्याच देशात परका" अशा अर्थाचं रॅप गाणं जर्मन भाषेत आणलं. स्थलांतरितांच्या घरांतली ही मुलं अस्खलित जर्मन बोलत होती आणि तरीही त्यांना "तू मूळचा कुठला?" हे विचारलं जात होतं. हा प्रश्न आपल्याही मुलांच्या ओळखीचा आहे.

त्याच वर्षी 'सच अ सर्ज' उभा राहिला. त्यांच्या संगीताला 'क्रॉसओव्हर' म्हणत: दणदणीत इलेक्ट्रिक गिटार, ड्रम्स, जोडीला तबकड्या फिरवणारा डीजे आणि पुढे दोन गायक, मिशेल बेगेआमे आणि ऑलिव्हर श्नायडर. पोवाड्यात शाहीर जसा डफाच्या ठेक्यावर शब्द चढवत नेतो, तसं हे दोघे आलटूनपालटून शब्द फेकत. आणि हे शब्द एका भाषेतले नव्हते. जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच अशा तिन्ही भाषा त्यांच्या गाण्यांत नांदल्या. "प्रवाहाविरुद्ध" अशा अर्थाच्या त्यांच्या सुरुवातीच्या गाण्याचं नाव जर्मन होतं.

काळाचीही साथ मिळाली. डिसेंबर १९९३ मध्ये कोलोनहून 'व्हिवा' ही संगीत वाहिनी सुरू झाली आणि जर्मनीतल्या बँडना घराघरांत पोचायची वाट मिळाली. १९९५ साली 'अंडर प्रेशर' हा त्यांचा पहिला अल्बम एका मोठ्या कंपनीने काढला, १९९६ मध्ये 'अ‍ॅगोराफोबिक नोट्स' आला. ही दोन्ही नावं इंग्रजी. त्यानंतरची नावं पाहा: १९९८ चा 'वास बेझोंडरेस' म्हणजे "काहीतरी खास", २००० चा 'डेअर सर्ज एफेक्ट', २००३ चा 'रोटलिश्ट' म्हणजे "लाल दिवा". शेवटचा २००५ चा 'अल्फा', तो तर सगळ्याच भाषांतला! नुसती नावं वाचत गेलं तरी गाडी हळूहळू घराच्या दिशेने कशी वळली ते दिसतं. २००६ मध्ये बँड थांबला. तोवर क्रॉसओव्हरची लाट ओसरली होती, पण जर्मन भाषेत रॉक किंवा रॅप करणाऱ्याकडे कुणी आश्चर्याने बघेनासं झालं होतं.

याच्याशी जुळणारी गोष्ट आपल्या मुंबईतही घडली. १९८४ साली तिथे 'रॉक मशीन' सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, पुढे गायक म्हणून उदय बेनेगल. १९८८ साली त्यांनी स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' केलं. नावात सिंधू आली, भाषा मात्र इंग्रजीच राहिली. १९९७ मध्ये बँड फुटला, २०१० मध्ये पुन्हा जमला. ते उत्तम वाजवत, यात शंका नाही. पण तिनईकर, बेनेगल अशी नावं असलेल्या त्या मंचावरून मराठी किंवा कोकणी रॉक ऐकू येईल, असं त्या काळात आपल्यालाही कुठे वाटलं होतं? २०२४ साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' भारताबाहेरही वाजलं, तेव्हा कुठे आपल्या मुलांनी मराठी शब्द परक्या ठेक्यावर ऐकले आणि आपणहून विचारलं, "बाबा, याचा अर्थ काय?"

आपल्या घरांत आपण मराठीत विचारतो, मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात आणि मधे इंग्रजी असतेच. या सरमिसळीची आपल्याला काळजी वाटते. 'सच अ सर्ज'ची कारकीर्द पाहिल्यावर मला वाटतं, सरमिसळीला घाबरायचं कारण नाही. मात्र त्या बँडच्या भाषा एकत्र आल्या, कारण त्यातली प्रत्येक भाषा गाणाऱ्याच्या तोंडात पुरती रुळलेली होती. मिसळ करायची तर मटकीची उसळ आधी घरात शिजावी लागते. नुसत्या फरसाणाला कुणी मिसळ म्हणत नाही!

म्हणून मंडळाला एक सूचना. मुलांच्या कार्यक्रमात पाठ करून घेतलेल्या कवितांसोबत एक जागा त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यासाठी ठेवूया. ठेका त्यांच्या आवडीचा, भाषा हव्या तितक्या; अट एवढीच, की काही ओळी मराठीत असाव्यात आणि त्या त्यांच्या स्वतःच्या असाव्यात. व्याकरण आपण नंतर बघू. पहिल्या रांगेत बसलेल्या आजीआजोबांनी मात्र आवाजाची थोडी तयारी ठेवावी!